निर्यातीच्या टेबलावरचं इंग्रजी: शब्द सुटा नको, तुकडा पाठ करा

दिंडोरी, निफाड, ओझरकडच्या द्राक्ष पॅकहाऊसमध्ये डॉक्युमेंटेशनच्या कामाला लागणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. बहुतेक जण माझ्यासारखेच मराठी माध्यमातून आलेले असतात. बीकॉम किंवा बीएस्सी ॲग्री झालेलं असतं, एक्सेल येत असतं, द्राक्षाचं तर घरातच शिक्षण झालेलं असतं. अडतं ते इन, ऑन, ॲट, बाय, फॉर या दोन-तीन अक्षरांच्या शब्दांपाशी. शब्दसंग्रह कमी पडतो असं वाटून मुलं अवघड शब्दांच्या याद्या पाठ करतात. माझ्या मते तो वेळ चुकीच्या जागी जातो. रोजच्या मेलमध्ये अवघड शब्द फारसे नसतातच.

शाळेत आपण ‘इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर’ असं शिकलो. फळ्यावरच्या पेटीच्या चित्रापुरतं ते खरं आहे. पण मराठीतला एकटा ‘त’ बघा: पेटीत, नाशिकात, रात्रीत, रांगेत, घाईत. इतक्या जागी एकच प्रत्यय चालतो. इंग्रजीत त्याचे कधी इन, कधी ॲट, कधी ऑन होतात, आणि कुठे काय हे अर्थावरून दर वेळी ताडता येत नाही. म्हणून मी नव्यांना सांगते की शब्द सुटा पाठ करू नका, पुढे येणाऱ्या नामासकट अख्खा तुकडा पाठ करा. इन ट्रान्झिट, इन गुड कंडिशन, ऑन अरायव्हल, ऑन होल्ड, इन ॲडव्हान्स, बाय मिस्टेक, ऑन बिहाफ ऑफ, अंडर वॉरंटी, आऊट ऑफ स्टॉक. यांत मधे ‘द’ किंवा ‘अ’ नाही, हेही तुकड्याबरोबरच लक्षात राहतं.

नियम अजिबात नाहीत असंही नाही. ॲटचा एक नियम आमच्या कामात रोज उपयोगी पडतो: मापाच्या पट्टीवरचा एक बिंदू दाखवायचा असेल तर ॲट. ॲट झिरो डिग्री, ॲट नाइंटी रुपीज पर किलो, ॲट फोर थर्टी. तापमान, भाव आणि घड्याळातली वेळ तिन्ही त्यातच आली. वार आणि तारीख आली की ऑन, महिना आणि वर्ष आलं की इन. ‘इन द मॉर्निंग’ म्हणायचं, पण त्यात वार मिसळला की ‘ऑन ट्यूसडे मॉर्निंग’. ‘नेक्स्ट मंडे’, ‘लास्ट वीक’, ‘एव्हरी डे’ यांच्या आधी मात्र काहीच लागत नाही. आपल्या ‘पुढच्या सोमवारी’मध्ये प्रत्यय असतो, म्हणून हात आपोआप ऑन लिहायला जातो.

आता ‘पर्यंत’. इथे मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण इथे माल अडकतो. ‘शुक्रवारपर्यंत कागद पाठवा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत कंटेनर थांबवा’, मराठीत दोन्हीकडे एकच शब्द. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय फ्रायडे’ आणि दुसऱ्याला ‘टिल फ्रायडे’. ओळखायची खूण सोपी आहे. वाक्यात ‘सतत’ बसवून पाहायचं. ‘शुक्रवारपर्यंत सतत थांबवून ठेवा’ हे चालतं, म्हणून टिल. ‘शुक्रवारपर्यंत सतत पाठवा’ म्हटलं की अर्थच बदलतो. कागद एकदाच पाठवायचे आहेत, म्हणून बाय. तसंच ‘इन टू डेज’ म्हणजे दोन दिवसांनी आणि ‘विदिन टू डेज’ म्हणजे दोन दिवसांच्या आत, केव्हाही. खरेदीदाराला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटची, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याच्या सरकारी दाखल्याची, प्रत कधी मिळेल हे कळवताना या फरकावर त्याचं पुढचं सगळं वेळापत्रक अवलंबून असतं. ‘पासून’चंही असंच: सकाळपासून म्हणजे सिन्स धिस मॉर्निंग, दोन तासांपासून म्हणजे फॉर टू अवर्स, आणि सोमवारपासून सुरू होणार असेल तर फ्रॉम मंडे.

एक गोष्ट मला कुणी वर्गात सांगितली नव्हती, ती पुढे काम करताना उमगली. मराठी आणि इंग्रजी तुकडे एकमेकांच्या उलट्या क्रमाने लागतात. ‘ओझरच्या पॅकहाऊसमधल्या कोल्ड स्टोरेजमधल्या पेट्या’ हे इंग्रजीत न्यायचं तर शेवटच्या शब्दापासून मागे यायचं: द बॉक्सेस, इन द कोल्ड स्टोरेज, ॲट द पॅकहाऊस, इन ओझर. आपल्याकडे मुख्य वस्तू शेवटी येते, त्यांच्याकडे आधी. लांब वाक्य समोर आलं की घाबरायचं नाही. आधी मराठीतली शेवटची वस्तू पकडायची आणि एकेक पायरी मागे यायचं. ‘गंगापूर रोडवरच्या बँकेच्या मागचं ऑफिस’ हे स्वतः करून बघा.

याच उलट्या क्रमामुळे आणखी एक ठिकाण घसरतं. ‘शेतकऱ्यांची यादी तयार आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा क्रियापदाजवळ ‘यादी’ असते, त्यामुळे ‘आहे’ बिनचूक येतं. इंग्रजीत ‘द लिस्ट ऑफ फार्मर्स’ होतं, क्रियापदाजवळ ‘फार्मर्स’ येतात आणि बोटं ‘आर’ टाइप करून मोकळी होतात. तयार यादी आहे, शेतकरी नव्हेत. म्हणून ‘इज रेडी’. ऑफपासून पुढचा तुकडा बोटाने झाका, उरलेलं वाक्य वाचा, क्रियापद आपोआप सापडेल.

काही क्रियापदांना जोडशब्द लागतच नाही: डिस्कस, रीच, कॉन्टॅक्ट, अटेंड, एन्टर. ‘रेटबद्दल चर्चा’मधलं ‘बद्दल’ आपण इंग्रजीत सोबत नेतो आणि ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. गंमत अशी की नाम केलं की तोच शब्द हवा असतो: ‘अ डिस्कशन अबाउट द रेट’. रिक्वेस्टचंही तेच. ‘वी रिक्वेस्ट सॅम्पल्स’, पण ‘अ रिक्वेस्ट फॉर सॅम्पल्स’. माल रॉटरडॅमला पोचतो तेव्हा ‘रीचेस रॉटरडॅम’, पण अराइव्ह वापरलं तर बंदरासाठी ॲट आणि देशासाठी इन: ‘अराइव्ह्ज ॲट द पोर्ट’, ‘अराइव्ह्ज इन द नेदरलँड्स’.

वाहनांसाठी साधी खूण: ज्यात उभं राहून चालता येतं त्याला ऑन, ज्यात वाकून बसावं लागतं त्याला इन. ऑन द पंचवटी एक्स्प्रेस, ऑन द बस, इन द कार. प्रवासाचा प्रकारच सांगायचा असेल तर बाय ट्रेन, बाय रोड. पण मधे माय किंवा द आला की बाय गळतो, ‘इन माय कार’ होतो.

या छोट्या शब्दांना कमी लेखू नका असं मी का म्हणते, ते एफओबी या सौद्यातल्या अटीवरून समजेल. फ्री ऑन बोर्ड. इनकोटर्म्स 2020 या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांनुसार या अटीत माल नेमून दिलेल्या बंदरात जहाजावर चढवला की जोखीम खरेदीदाराकडे जाते. एफएएस म्हणजे फ्री अलाँगसाइड शिप. तिथे माल जहाजाच्या शेजारी, धक्क्यावर ठेवला की जोखीम बदलते. एका अटीत ऑन, दुसरीत अलाँगसाइड. मधल्या काही मीटरमध्ये माल खराब झाला तर नुकसान कोणाचं, हे त्या शब्दावर ठरतं.

सरावासाठी महागड्या क्लासची गरज आहे असं मला वाटत नाही. मागच्या सीझनचे खरेदीदारांचे मेल ऑफिसात असतातच. परवानगी घेऊन ते वाचा, त्यातले तुकडे वहीत उतरवा, आणि प्रत्येकासमोर स्वतःच्या दिवसातलं एक वाक्य लिहा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं आहे. तिथे बसून इंग्रजी पेपर वाचताना मथळे सोडून आतला मजकूर वाचा, कारण जागा वाचवायला मथळ्यांतून असे छोटे शब्द बरेचदा गाळलेले असतात. नातेवाइकांची मुलं इंग्रजी माध्यमात असतील तर त्यांना विचारायला संकोच करू नका. ती नियम सांगू शकणार नाहीत, पण ‘असं नाही म्हणत, मावशी’ हे मात्र लगेच सांगतील, आणि तेवढं पुरतं.

फोनवर आणखी एक अडचण येते. गोऱ्या माणसाच्या बोलण्यात ॲट, ऑफ, टू, फॉर हे शब्द इतके दबके उच्चारले जातात की ऐकूच येत नाहीत. ऑफ तर नुसता ‘अव’ होतो. तुकडा आधीच पाठ असेल तर न ऐकू आलेलं कान स्वतः भरून घेतात. इंग्लंडचा खरेदीदार ‘ॲट द वीकेंड’ म्हणेल आणि अमेरिकेचा ‘ऑन द वीकेंड’. दोन्ही बरोबर आहेत, समोरचा जे म्हणतो ते तुम्ही म्हणा.

ऑक्टोबर छाटणीनंतर माल उतरायला लागेपर्यंत ऑफिसात जरा निवांतपणा असतो. वही तेव्हाच सुरू करा. जानेवारीत कंटेनर भरायला लागले की जेवायलाही सवड मिळत नाही.