शाळेजवळच्या दारू दुकानाची वेळ बदलून घ्यायची तर काय करायचं

सुरुवातीलाच सांगते, दुकान बंदच करा म्हणून उठलात तर दोन-तीन वर्षं धरून चाला. वेळेपुरतं भांडलात तर कधीकधी दोन महिन्यांत होतं. आमच्याकडे झालं, म्हणजे अर्धं झालं, ते शेवटी सांगतेच. तापीकाठचं तालुक्याचं गाव आहे आमचं, शाळेचं गेट आणि देशीचं दुकान एकाच रस्त्यावर, मधे एक पिठाची गिरणी आणि सायकलवाला. मी तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीत होते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. लोक सगळे बंद व्हायच्या वेळेवर बोलतात. वाइन शॉप रात्री साडेदहाला बंद, देशी दारू महापालिका आणि अ, ब वर्ग नगरपालिकेत ११ ला, बाकी ठिकाणी १० ला. आता मला सांगा, रात्री १० ला कोणतं पोरगं दप्तर घेऊन फिरतं? आपला प्रश्न शटर उघडण्याचा आहे. वाइन शॉप उघडतं सकाळी १० ला, देशी ८ ला, आणि शाळा भरते साडेदहाला, म्हणजे पोरं यायची आणि कालची उतरवायला आलेली मंडळी जमायची वेळ एकच. तसंच संध्याकाळी ५ ला, सुटल्याची घंटा आणि मजुरी घेऊन येणारे लोक एकाच वेळी. म्हणून अर्जात "दुकानाचा त्रास होतो" असं मोघम लिहू नका, सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास एवढंच मागा. उत्पादन शुल्क खात्याच्या साहेबाला पण एवढं देता येतं, दुकानदाराला पण एवढं सोडता येतं.

पहिलं काम, दुकानावरची पाटी वाचा. सीएल-३ म्हणजे देशी, एफएल-२ म्हणजे वाइन शॉप, एफएल-३ म्हणजे परमिट रूम, एफएल/बीआर-२ म्हणजे बिअर शॉपी. प्रत्येकाचे नियम वेगळे, अंतराचे पण आणि वेळेचे पण, आणि अर्जात चुकीचं नाव टाकलं की तो तिथंच आडवा होतो. परमिट रूमसाठी शाळेपासून ७५ मीटर हा आकडा आहे. अंतर मोजतात ते कावळा उडतो तसं सरळ रेषेत नाही, दुकानाच्या दारापासून शाळेच्या गेटापर्यंत माणूस नेहमी चालत जातो त्या वाटेनं. त्यामुळे शाळेनं मागचं गेट उघडलं किंवा दुकानदारानं दार दुसऱ्या गल्लीला फिरवलं की हिशोबच बदलतो. आणि दोन गोष्टी लोकांना माहीतच नसतात. एक, खाजगी क्लास म्हणजे शाळा नाही, क्लासवाल्या सरांनी कितीही तक्रार केली तरी अंतराचा नियम त्यांना लागत नाही. दोन, दुकान आधीचं आणि शाळा नंतरची असेल तर अंतराच्या मुद्द्यावर हरणार. तिथं वेळेचाच मुद्दा धरा.

आणि ते ५०० मीटरचं कोणी सांगितलं तर सोडून द्या भो. तो सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०१६ चा निकाल हायवेचा आहे, शाळेचा नाही. तंबाखू-गुटख्याचं १०० यार्डाचं तेही वेगळं. आमच्या एका सभासदानं तिन्ही एकाच अर्जात कोंबलं होतं, ते वाचून अर्ज घेणारा माणूस हसला.

मग माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज १५० शब्दांत, एकच विषय, जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं. एवढंच मागा: त्या दुकानाच्या लायसनची प्रत, मंजूर वेळ, जागेचा नकाशा आणि अंतराचा पंचनामा, आणि मागच्या ३ वर्षांत त्यांच्यावर झालेल्या कारवाया. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील. हे कागद आल्याशिवाय पुढं जाऊ नका, कारण समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, तुम्ही लायसन पाहिलं का.

आता खरं काम, वहीचं. आम्ही १०० पानी वही घेतली, गिरणीच्या ओट्यावर आळीपाळीनं दोघी दोघी बसायचो, दळणाचा डबा पुढं ठेवून, म्हणजे कोणाला वाटायचं नाही की पाळत ठेवतात. तारीख, वार, शटर किती वाजता वर गेलं, किती जण उभे, शाळेच्या भिंतीला कोण बसलं, बस एवढंच. मत लिहायचं नाही, "फार वाईट परिस्थिती आहे" असलं काही नाही. चौथ्या दिवशी सापडलं, शटर ८ ला उघडायचं पण मागची खिडकी साडेसहापासून चालू होती! ठोठावायचं, हात आत, क्वार्टर बाहेर. आता हा विषय विनंतीचा राहिलाच नाही, हा लायसनच्या अटीचा भंग झाला, आणि महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ च्या कलम ५४ खाली लायसन सस्पेंड किंवा रद्द होऊ शकतं. तीन वेगवेगळ्या दिवसांचे फोटो काढले, पण फोटोत शाळेची पोरं येऊ देऊ नका, आणि गिऱ्हाइकांचे चेहरे गावच्या ग्रुपवर टाकू नका. एकीनं टाकला, त्यात तिचाच चुलत दीर निघाला, आठ दिवस घरात महाभारत.

एक बघा, शाळेला त्रास देतो तो बऱ्याचदा दुकानदार नसतो, बाजूची चकण्याची गाडी असते. उकडलेली अंडी, चणे, पाण्याचे पाउच. पिणारा बाटली घेऊन घरी जात नाही, गाडीशी थांबतो, तिथंच पितो, मग पोरींना "कथा चालनी वं", म्हणजे कुठं चाललीस गं, सुरू होतं. ती गाडी उत्पादन शुल्क खात्याच्या हातात नाही, तिथं नगरपालिकेचं अतिक्रमण खातं नाहीतर ग्रामपंचायत आणि पोलीस लागतात. हे सगळ्यात लवकर होणारं काम आहे म्हणून ते आधी करा, गाडी हलली की निम्मी गर्दी हलते. दारू पिऊन रस्त्यात गोंधळ घालणाऱ्यावर पोलिसांना त्याच दारूबंदी कायद्याचं कलम ८५ आहे, ऐन वेळी ११२ फिरवा.

आणि पोराच्या हातून कोणी बाटली मागवत असेल तर ते वेगळ्या अर्जात लिहा, वेळेच्या अर्जात मिसळू नका. मुलाला दारू देणं किंवा मुलाकडून तिची विक्री, ने-आण करून घेणं याला बाल न्याय कायदा २०१५ मध्ये कलम ७७ आणि ७८ आहे, ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वय लागतं आपल्या राज्यात, काउंटरवाल्याला हे तोंडपाठ असतं, फक्त आठवत नसतं.

अर्ज एकट्या बाईच्या नावानं देऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, त्या समितीत ७५ टक्के पालक असतात म्हणून त्याला वजन आहे. खेडं असेल तर ग्रामसभेचा ठराव पण जोडा. मुख्याध्यापक सही करायला कचरतात, बदलीची भीती असते, त्यांना फक्त शाळेच्या वेळेचा दाखला मागा, तो ते देतात. एक प्रत अधीक्षकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक पोलीस ठाण्याला, आणि प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का. आमचा पहिला अर्ज शिक्का न घेता दिला होता, महिन्यानं विचारायला गेलो तर असा अर्जच नाही म्हणे.

जिल्हाधिकाऱ्यांना दारूबंदी कायद्याच्या कलम १४२ खाली शांततेसाठी दुकानं बंद ठेवता येतात, विसर्जन-मिरवणुकीला ठेवतात ते तेच. रोजच्या शाळेसाठी ते सहज वापरत नाहीत, पण १० वी-१२ वीच्या परीक्षेत केंद्राजवळची १०० मीटरमधली झेरॉक्स दुकानं बंद ठेवायचे आदेश निघतात, तेव्हा शाळा केंद्र असेल तर दारू दुकानाचं पण नाव त्यात मागा. झेरॉक्स बंद आणि क्वार्टर चालू, हे बोलून दाखवलं की कोणालाही पटतं.

सातपुड्याकडच्या लोकांनी, म्हणजे अक्कलकुवा, धडगाव, तळोदा आणि शिरपूर-चोपडा-यावल-रावेरची पेसातली गावं, त्यांनी पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, वापरा. तिथं मादक पदार्थांची विक्री बंद करायचा किंवा तिच्यावर निर्बंध घालायचा अधिकार ग्रामसभेला आहे, वेळेचा ठराव थेट होऊ शकतो.

काहीच जमलं नाही तर आडवी बाटली, म्हणजे दुकान बंद करायसाठीचं मतदान. २००८ च्या आदेशाप्रमाणे २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या, त्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान, आणि आडव्या बाटलीला ५० टक्क्यांच्या वर जावं लागतं. तारीख कापूस वेचणीत पडू देऊ नका, बाया सकाळी ७ ला शेतात गेल्या की संपलं.

आमचं काय झालं ते सांगते. माहिती अधिकाराचे कागद, वही आणि खिडकीचे फोटो घेऊन आम्ही सात जणी दुय्यम निरीक्षकांपुढं बसलो, दुकानदार आबा पण आले होते, पांढरी टोपी, हात जोडून. साहेबांनी वही उलटी-सुलटी पाहिली, पहिला प्रश्न आबांनाच, "खिडकी कोणाची?" त्यानंतर आबा स्वतःच म्हणाले, ताई, ११ ला उघडतो, ५ ते पावणेसहा शटर अर्धं खाली, गाडी मी हलवतो, केस नका करू. आम्ही ते त्यांच्या सहीनिशी लिहून घेतलं, खिडकी विटांनी बुजवून घेतली, फोटो फायलीला लावला.

सोमवार ते शुक्रवार पाळतात. शनिवारी शाळा सकाळची असते, ७ ला भरते, साडेअकराला सुटते, आणि शनिवारीच आमचा आठवडे बाजार. आबा म्हणतात तेवढा एक दिवस सोडा, आठवड्याचा धंदा त्या दिवशी होतो. दुसरा अर्ज शनिवारपुरता टाकलाय, आवक नंबर घेतलाय, वही परत गिरणीच्या ओट्यावर आहे.