एक्सेलमधले रिकामे रकाने भरताना या चुका टाळा

नाव फक्त पहिल्या ओळीत आणि खालच्या दहा ओळी कोऱ्या, अशी शीट सगळ्यांच्याच वाट्याला येते. ती भरायची युक्तीही आता सगळ्यांना पाठ आहे: कॉलम निवडा, एफ-५ दाबा, स्पेशलमध्ये ब्लँक्स, मग बरोबरचं चिन्ह, वरचा बाण, कंट्रोल-एंटर. दहा सेकंदांत काम फत्ते. घोळ त्यापुढे सुरू होतो, कारण रील बघून शिकलेली मंडळी इथेच थांबतात.

मीही थांबलो होतो. गावातल्या दूध संस्थेचं संकलन होतं. सभासदाचं नाव एकदाच, खाली सकाळ-संध्याकाळच्या नोंदी. नावं भरली, स्वतःवरच खूश झालो. सचिव म्हणाले, "जरा फॅटप्रमाणे लावून दाखवा." लावलं, सेव्ह केलं, घरी गेलो. एकूण लिटर जुळत होते, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पगाराच्या दिवशी एक आजी चिठ्ठी घेऊन आल्या. "बाळा, माझी एकच म्हैस. एवढं दूध कुणाचं?"

त्या कोऱ्या घरांत (सेलमध्ये) नाव नव्हतंच, "वरच्या घरात जे असेल ते" असं सूत्र होतं. सॉर्ट केल्यावर ओळी हलल्या आणि प्रत्येक ओळीने नव्या शेजाऱ्याचं नाव उचललं. फाइल बंद झालेली, कंट्रोल-झेडचा उपयोग शून्य. कागदी वहीवरून रात्री दोनपर्यंत सगळं पुन्हा बसवलं. तेव्हापासून कंट्रोल-एंटर झालं की दुसरं काहीही करण्याआधी मी तो कॉलम कॉपी करून तिथेच पेस्ट स्पेशल, व्हॅल्यूज करतो, म्हणजे सूत्र जाऊन नुसतं नाव उरतं. आणि मूळ शीटची एक प्रत बाजूला ठेवतो, हसणाऱ्यांनी हसावं.

"ब्लँक्स सापडतच नाहीत" अशी तक्रार आली की समजायचं, घर रिकामं दिसतंय पण आत स्पेसबार बसलाय. शेजारी लेन (LEN) सूत्र लावून बघा, ते घरातली अक्षरं मोजतं. १ आलं की चोर सापडला. फिल्टरमधून तशी घरं निवडून डिलीट मारा.

मर्ज केलेली, म्हणजे एकत्र जोडलेली घरं आधी अनमर्ज करा. भरल्यावर नावाऐवजी सूत्रच दिसत असेल, तर कॉलम टेक्स्ट फॉरमॅटमध्ये आहे. ती घरं पुसा, कॉलम जनरल करा आणि पुन्हा भरा. 'एकूण'च्या ओळी आधीच काढा, नाहीतर शेवटच्या सभासदाचं नाव त्यांनाही चिकटतं आणि पिव्होटमध्ये (सभासदवार बेरजेच्या तक्त्यात) त्याचं दूध फुगतं.

आता माझी खास चीड: आकड्यांच्या रिकाम्या जागी शून्य भरणारे. "रिकामं बरं दिसत नाही" म्हणे! फॅट ६.२, ६.४, एक कोरं आणि ६.६ असेल, तर ॲव्हरेज सूत्र कोरं घर सोडून ६.४ देतं. तिथे शून्य टाका, सरासरी ४.८ वर येते. म्हशीचं दूध क्षणात पाणीदार! त्या दिवशी मशीन बंद होतं, एवढंच त्या कोऱ्या घराचं म्हणणं असतं. अंदाजाने आकडा भरावाच लागला तर मी शेजारी 'भरलेला' नावाचा कॉलम करून तिथे 'हो' लिहितो. सहा महिन्यांनी खरा आकडा कुठला आणि माझा कुठला, हे मलाही आठवत नाही.