मूल वॉर्डात ॲडमिट असेल तेव्हा: इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या आईवडिलांसाठी

घर, शाळा, जीपीची म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरांकडची नोंदणी, हे सगळं इथे आल्यावर कुणी ना कुणी सांगतंच. मूल ॲडमिट झालं तर काय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझा मुलगा तेव्हा अकरा महिन्यांचा. छातीत कफ झाला म्हणून वॉर्डात होतो. मध्यरात्री त्याची किरकिर थांबली. मला वाटलं, लागली एकदाची झोप. सहज अंगातलं वर केलं, तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला 64. या वयात शांत असताना 50 च्या वर म्हणजे श्वास जोरात चाललाय. तो झोपला नव्हता, दमला होता. नर्स नुकतीच पाहून गेली होती, लगेच परत कसं बोलवायचं, या संकोचात माझी वीस मिनिटं गेली. ती मला अजून सलतात. बोलावल्यावर ती धावत आली आणि ऑक्सिजन लावला.

म्हणून आधी श्वास बघा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. कण्हल्यासारखा आवाज, दूध न ओढणं, लंगोट बराच वेळ कोरडा राहणं, हाक मारल्यावर नजर न देणं, हे लगेच सांगा. आपल्या सावळ्या कातडीवर फिकेपणा किंवा निळेपणा पटकन दिसत नाही. ओठ, हिरड्या, तळहात, तळपाय बघा. आणि बीपी ठीक आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. लहान मुलांचं बीपी फार उशिरा घसरतं, तोवर शरीर कसंबसं रेटत असतं.

मुलाची तब्येत बिघडतेय का हे वेळीच कळावं म्हणून इथे मुलांच्या तपासण्या पीईडब्ल्यूएस (PEWS) नावाच्या तक्त्यावर नोंदवतात. 2023 पासून तो इंग्लंडभर एकसारखा करायला घेतला आणि त्यात आईवडिलांना वाटणाऱ्या काळजीलाही जागा आहे. नर्सला सरळ विचारा, ‘माझी काळजी तक्त्यावर लिहिलीत का?’

तरी कुणी ऐकत नसेल तर ‘मार्थाज रूल’ची मदत मागा. मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी 2021 मध्ये सेप्सिसने, म्हणजे जंतुसंसर्ग शरीरभर उलटून, गेली. आईवडिलांनी काळजी बोलून दाखवली होती, पण ती गांभीर्याने घेतली गेली नाही. पुढे त्यांनीच नेट लावला आणि 2024 पासून हा नियम सुरू झाला. त्यात दिवसरात्र केव्हाही वेगळ्या टीमकडून मूल तपासून घेता येतं. ॲडमिट झाल्या दिवशीच त्याचा नंबर विचारून फोनमध्ये घालून ठेवा.

‘डॉक्टरांना आपण काय सांगणार’ हा आपला संस्कार मला कळतो. पण तुमचं बाळ एरवी कसं हसतं, कसं रडतं, हे त्या वॉर्डात फक्त तुम्हालाच ठाऊक असतं. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागा, एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, त्याचे पैसे पडत नाहीत. तो येईपर्यंत एवढंच म्हणा: ‘ही इज नॉट हिमसेल्फ. आय ॲम व्हेरी वरीड. प्लीज चेक हिम नाऊ.’ म्हणजे, तो नेहमीसारखा नाही, मला फार काळजी वाटतेय, त्याला आत्ता तपासा. मुलगी असेल तर ‘शी इज नॉट हरसेल्फ’ आणि ‘चेक हर’ म्हणा.