खिशातला व्हिडिओ कॅमेरा घेताय? आधी ट्यूबलाइट लावा

भाचीच्या बारशाच्या आठवडाभर आधी मी ऑनलाइन एक 3 हजारांचा कॅमेरा मागवला. खोक्यावर 4के, 48 मेगापिक्सल, वॉटरप्रूफ, वर सायकलला लावायच्या आणि डोक्याला बांधायच्या डझनभर क्लिपा आणि पट्टे फुकट, म्हटलं एवढ्या पैशात एवढं मिळतंय तर कोण सोडतो. बारसं झालं, रात्री टीव्हीला लावून सगळे बघायला बसलो तर पाळण्यावरनं काळे पट्टे वर सरकतायत, आजीने म्हटलेला अख्खा पाळणा पंख्याच्या घरघरीत गेलेला आणि बाळाचा चेहरा म्हणजे मेणाचा गोळा. आजी म्हणाली, "अरे मी एवढी घोगरी कधी झाले?" तेव्हापासून कोणी विचारलं की स्वस्तात छोटा कॅमेरा कुठला घेऊ, तर मी मॉडेलचं नाव सांगत नाही, आधी विचारतो तुमच्या हॉलमध्ये लाइट कुठले आहेत.

कारण घरगुती शूटिंग म्हणजे काय हे एकदा खरंखरं आठवून बघा. संध्याकाळ, 10 बाय 12 ची खोली, ट्यूब किंवा एलईडी, डोक्यावर पंखा, आणि पाचसहा फुटांवर बसलेलं कोणीतरी बोलतंय. बाकी मग गणपतीची आरती, शाळेचं गॅदरिंग, वर्षातनं एखादी कोकण ट्रिप. कंपन्यांच्या जाहिरातीत मात्र समुद्र, बर्फ, बाइक आणि कडक ऊन. कडक उन्हात कुठलाही कॅमेरा चांगलाच दिसतो हो, त्यात त्याचं कौतुक नाही.

पहिला प्रश्न, मुळात घ्यायचा का? हे ऐकून दुकानदार माझ्यावर चिडतील पण खरं सांगतो, कपाटात बरा चाललेला जुना फोन पडला असेल, बॅटरी फुगलेली नसेल, तर सिम काढा, एअरप्लेन मोडवर टाका, आतला सगळा कचरा उडवा आणि तोच घरचा कॅमेरा करा. चार-पाच वर्षांपूर्वीचा बऱ्यापैकी फोनसुद्धा नव्या 3-4 हजारांच्या कॅमेऱ्यापेक्षा चांगलं चित्र काढतो. अडचण तीन ठिकाणी येते. लांबचं शूट करायचं असेल तर, फोन कोणाच्या हातात द्यायची भीती वाटत असेल तर, आणि तास-दीड तास सलग रेकॉर्ड करायचं असेल तर. यातलं एकही लागू नसेल तर ते पैसे ट्रायपॉड आणि कॉलरच्या माइकवर घालवा, जास्त फरक पडेल.

एक बटण दाबलं की चालू अशा सुटसुटीत कॅमेऱ्यांचा एक काळ होता खरा. अमेरिकेत 2007 मध्ये फ्लिप अल्ट्रा आला, लाल बटण, कडेने बाहेर येणारी यूएसबी पिन, बस. 2009 मध्ये नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्कोने तो बनवणारी कंपनी विकत घेतली आणि 2011 मध्ये फ्लिप बंदही करून टाकला, तोवर फोनमध्येच व्हिडिओ आले होते. जुन्या वस्तूंच्या साइटवर तो दिसला तर शोकेससाठी घ्या, वापरायला नको.

आज खिशात मावणारं जे मिळतं त्याचे ढोबळ तीन प्रकार. अ‍ॅक्शन कॅमेरा (गोप्रो, डीजेआय ऑस्मो अ‍ॅक्शन वगैरे), दांड्यावर मान हलवणारा ऑस्मो पॉकेटसारखा गिंबल कॅमेरा (गिंबल म्हणजे हात हलला तरी कॅमेरा स्थिर धरणारी मोटरची मान), आणि आपला जुना हॅन्डीकॅम, तो खिशात मावतो म्हणायला खिसा जॅकेटचा पाहिजे पण पर्समध्ये आरामात बसतो.

अ‍ॅक्शन कॅमेरा दणकट, पडला तरी काही होत नाही, पोरांच्या हातात बिनधास्त द्या. पण त्याची लेन्स प्रचंड वाइड. छोट्या खोलीत त्याचा फायदा होतो, सगळं कुटुंब एका फ्रेममध्ये येतं, फक्त कडेला बसलेल्या काकांचा चेहरा ताणल्यासारखा दिसतो आणि मग काका वर्षभर बोलून दाखवतात. गॅदरिंगला मात्र हा नेऊच नका. पंधराव्या रांगेतनं तुमचा मुलगा स्टेजवर मुंगीएवढा दिसणार, आणि झूम केला तर तो डिजिटल झूम, म्हणजे चित्र कापून मोठं करायचं. दुसरं म्हणजे यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा फोकस फिक्स असतो. हात लांब करून धरला तर ठीक, पण मेंदी काढताना किंवा पोळीवर पुरण पसरताना वीतभर अंतरावर नेलात की सगळं धूसर, आणि मागची भिंत मात्र चकचकीत. बॅटरी बदलता येते का हे पण बघा, 2024 चा छोटा गोप्रो हिरो 86 ग्रॅमचा आहे, खिशात कळतही नाही, पण त्याची बॅटरी आतच बसवलेली आहे, संपली की चार्जरपाशी बसा.

गिंबलवाला पॉकेट कॅमेरा घरासाठी मला सगळ्यात आवडतो. रांगणाऱ्या बाळाच्या मागे मागे चाललात तरी चित्र पाण्यावर तरंगल्यासारखं शांत. ऑस्मो पॉकेट 3 ऑक्टोबर 2023 ला आला, 179 ग्रॅम, 1 इंची सेन्सर (लेन्समागची उजेड टिपणारी चकती, तिच्याबद्दल पुढे), पण तो काही स्वस्त नाही. त्याच्या आधीचा पॉकेट 2, 2020 चा, सेकंडहॅन्ड मिळाला तर विचार करायला हरकत नाही. घेताना एकच करा, टेबलावर धरून चालू करा, मान सरळ उभी राहते का, थरथरते का, किर्रर्र आवाज येतो का ते बघा. मान थरथरत असेल तर कितीही स्वस्तात देत असला तरी सोडून द्या, दुरुस्तीत वाचवलेले पैसे जातील.

हॅन्डीकॅमची लोक चेष्टा करतात पण गॅदरिंग, अरंगेत्रम, लग्नाचा हॉल याला त्याला तोड नाही. सोनीचा सीएक्स405 घ्या उदाहरणाला, 30 पट ऑप्टिकल झूम, चित्र न कापता लेन्सनेच जवळ आणणारा, म्हणजे शेवटच्या रांगेतनं पोरीचं नाकातलं मोती दिसतं. सलग रेकॉर्डिंगही होतं. बऱ्याच फोटोच्या कॅमेऱ्यांत व्हिडिओ 29 मिनिटं 59 सेकंदांना आपोआप बंद पडतो, ती मर्यादा युरोपातल्या करामुळे आलेली होती, अर्ध्या तासावर रेकॉर्ड करणाऱ्याला व्हिडिओ कॅमेरा धरून जास्त कर लागायचा. हॅन्डीकॅमला ती भानगड नाही. उणीव ही की सेन्सर अगदी चिमुकला, त्यामुळे मंद प्रकाशात चित्र दाणेदार येतं, आणि या 405 ला बाहेरचा माइक लावायची 3.5 एमएमची पिन नाही. स्टेजवर फोकस लाइट असतात म्हणून चालून जातं, घरच्या डिनरला नाही चालत.

आता सेन्सरबद्दल थोडं, कारण 48 मेगापिक्सलच्या नादी लागून मी फसलो ते इथेच. 4के चित्रात एकूण पिक्सल असतात साधारण 83 लाख, म्हणजे 8 मेगापिक्सल आणि थोडं वर. मग 48 कशाला? उत्तर, खोक्यावर छापायला. स्वस्त कॅमेरे बहुतेक वेळा कमी रिझोल्यूशनचं चित्र काढून ते ताणून 4के म्हणतात. खरा आकडा सेन्सरच्या आकाराचा. 1/2.3 इंची म्हणजे साधारण 6.2 बाय 4.6 मिलिमीटर, आणि ज्याला 1 इंची म्हणतात तो 13.2 बाय 8.8 (हो, इंच कुठेच नाही, ते जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या मापावरनं आलेलं नाव आहे). क्षेत्रफळ चौपट, म्हणजे तेवढ्याच लेन्सच्या उघडझापीत उजेडही चौपट गोळा होतो. ट्यूबलाइटच्या खोलीत तेच कामाला येतं. ज्या कॅमेऱ्याच्या माहितीत सेन्सरचा आकारच लिहिलेला नाही तो मी बघतसुद्धा नाही.

दुकानात गेलात तर (मुंबईत असाल तर फोर्टच्या बोरा बाजाराकडे कॅमेऱ्याची दुकानं आहेत, हातात घेऊन बघायला देतात) स्वतःचं कार्ड न्या आणि हे करून बघा. भिंतीवर कॅलेंडर असतंच, कालनिर्णय असलं तर उत्तम, चार-पाच फुटांवरनं एकदा 4के वर आणि एकदा 1080 वर (म्हणजे फुल एचडी) दहा दहा सेकंद घ्या. घरी येऊन टीव्हीवर तिथी-नक्षत्राची बारीक अक्षरं बघा, दोन्हीत सारखीच गिचमीड दिसली तर तो 4के नावाचाच. मग दुकानातल्या लाइटखाली हळूहळू कॅमेरा फिरवा आणि शूट करत दहा पावलं चाला. अंधाऱ्या कोपऱ्यात गेल्यावर चित्र प्रत्येक पावलाला फुटल्यासारखं होतं का? मग ते नुसतं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन आहे, म्हणजे हलणारं चित्र सॉफ्टवेअरने सावरलेलं, उजेडात छान आणि घरात नाही. शेवटी सेल्समनला सहा फुटांवर उभं करून नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा, पंखा चालू असताना. तो लाजेल, पण तुम्ही पैसे देणार आहात. वॉटरप्रूफ डबीत घातलेल्या कॅमेऱ्याची ही टेस्ट डबीसकट करा, आवाज रजईखालनं आल्यासारखा येतो.

आवाजाबाबत मी जरा हट्टी आहे. चित्र थोडं खराब असलं तर माणसं सांभाळून घेतात, पण आजोबा काय म्हणाले तेच कळलं नाही तर तो व्हिडिओ परत कोणी उघडत नाही. म्हणून दोन कॅमेऱ्यांत अडकलात तर ज्याला बाहेरचा माइक लावता येतो तो घ्या, पिन 3.5 ची असो की यूएसबी-सीची, आणि ती लावायला वेगळा अ‍ॅडॅप्टर विकत घ्यावा लागतो का ते आधी विचारा.

त्या काळ्या पट्ट्यांचं काय झालं ते राहिलंच. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. स्वस्त कॅमेरा 60 हर्ट्झच्या हिशोबाने सेट होऊन येतो आणि दोघांचा ताल जुळत नाही. मेनूत जाऊन फ्रिक्वेन्सी किंवा अँटी-फ्लिकर 50 करा, पाल आणि एनटीएससी (टीव्हीच्या दोन जुन्या पद्धती, आपली पाल) असं विचारत असेल तर पाल घ्या, सेकंदाला फ्रेम 25 किंवा 50 ठेवा, शटर (एका फ्रेमला किती वेळ उजेड घ्यायचा ते) हाताने लावता येत असेल तर 1/50 किंवा 1/100. माझा तो बारशाचा व्हिडिओ एवढ्या एका सेटिंगने निम्मा तरी वाचला असता. आणि न्यू जर्सीचा मामेभाऊ येताना हॅन्डीकॅम आणतो म्हणाला तर हे विचारून घ्या, अमेरिकेत विकलेल्या बऱ्याच हॅन्डीकॅममध्ये 50 चा पर्यायच नसतो, मग गणपतीत प्रत्येक वेळी पट्टे. वॉरंटीही तिकडचीच असते बहुतेक. डेकोरेशनच्या स्वस्त एलईडी माळांचं मात्र काही सांगता येत नाही, काही माळा सगळी सेटिंगं करूनही थरथरतातच, त्या फ्रेमच्या बाहेर ठेवा.

कार्ड कॅमेऱ्यासोबत फुकट मिळालेलं वापरू नका. मायक्रोएसडीवर व्ही30 किंवा यू3 लिहिलेलं बघून घ्या, म्हणजे सेकंदाला किमान 30 एमबी लिहिण्याची खात्री. 100 एमबीपीएसच्या (सेकंदाला 100 मेगाबिट, 8 बिटांचा एक बाइट) 4के ला लागतात साडेबारा एमबी, म्हणजे भरपूर जागा राहते. 64 जीबीत असं 4के साधारण 85 मिनिटं मावतं, 1080 वर 25 एमबीपीएसने गेलात तर साडेपाच तास, आणि घरच्या टीव्हीसाठी 1080 पुष्कळ झालं, शिवाय मे महिन्यात बंद खोलीत 4के वर छोटे कॅमेरे तापून मध्येच बंद पडतात ते टळतं. नकली कार्डं धो धो विकली जातात, 128 लिहिलेलं आणि आत 16 निघणारं, तर नवं कार्ड आलं की कॉम्प्युटरवर एच2टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवून ते पूर्ण भरून बघा. वेळ लागतो, लागू दे, परत करायची मुदत संपायच्या आत करा म्हणजे झालं.

अजून दोन बारीक गोष्टी. बॅटरी पूर्ण उतरली की स्वस्त कॅमेऱ्याची तारीख मागे जाते आणि तुमची यंदाची दिवाळी 2015 च्या फोल्डरमध्ये जाऊन बसते, म्हणून दर वेळी चालू केल्यावर तारीख बघा. आणि रेकॉर्डिंग चालू असताना कार्ड ओढू नका की बॅटरी काढू नका, फाइल शेवटी बंद करताना तिची अनुक्रमणिका लिहिली जाते, ती राहिली की कार्डावर जीबीच्या जीबी दिसतं पण फाइल उघडत नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, त्याच खोलीत, त्याच वेळेला, माळा-पंखा सगळं लावून पाच मिनिटं शूट करा आणि मोबाइलच्या स्क्रीनवर न बघता टीव्हीवर बघा. पट्टे दिसले तर मेनू, आवाज गेला तर माइक जवळ. आणि पाळणा म्हणायच्या वेळेला पंखा बंद करायचं काम एखाद्या पोराला नेमून द्या, तुम्ही कॅमेरा धरून उठणार नाही.