कातरणीच्या आदल्या रात्री वैरण बंद म्हणजे बंद

गेल्या वर्षी दिवाळी उरकल्यावर आमची कातरणी फसली. साठ मेंढरं, तीन कातरणारे, एका हाताला वीस. दिवस मावळायच्या आत मोकळं व्हायला हवं होतं. अंधार पडला तेव्हा छत्तीसच झाली होती, लोकर लेंड्यांनी बरबटली होती आणि कातरणारे माझ्याशी धड बोलत नव्हते. दुसऱ्या दिवसाची मजुरी पडली, तिघांचं जेवण पडलं, वर घरच्यांची बोलणी. कारण एकच, आदल्या रात्री मेंढरं उपाशी ठेवली नव्हती. यंदा सगळं लिहूनच ठेवतो, म्हणजे नंतर कुणी ‘आम्हाला कुठं सांगितलं होतं’ म्हणायला नको.

कातरी, दोर, फडकी, ताडपत्री हे काय सांगायचं. धार मात्र आठ दिवस आधी लावून आणा आणि निसणा, म्हणजे धारेचा दगड, हाताशी ठेवा. लोकरीत माती असते, त्या मातीनं दहा-बारा मेंढरांत धार उतरते. बोथट कातर लोकर ओढते, मेंढरू उसळतं आणि कातडं कापतं. माणशी दोन कातरी असल्या तर एक चालते, एकीला धार लागते.

धुणं दोन दिवस आधी. पूर्वी माणगंगेला पाणी असलं तरच मेंढरं नीट धुवून व्हायची, आता टेंभू उपसा योजनेचं पाणी आलंय. धुतल्यावर कुसळाच्या आणि सराट्याच्या रानात चारायला नेऊ नका, नाहीतर धुतलेलं फुकट. अंग खडखडीत सुकलं पाहिजे. ओली लोकर पोत्यात तापते आणि कुजते. या दिवसांत पहाटे दव पडतं, म्हणून घाई असली तरी ऊन चढल्याशिवाय कातर लावायची नाही.

आता उपासाचं. आदल्या दिवशी दिवस बुडायच्या आत मेंढरांना पोटभर पाणी दाखवायचं, वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडायचं आणि त्यानंतर एक काडी टाकायची नाही. कुणी म्हातारं माणूस कळवळलं तरी नाही. मेंढराला एका रात्रीच्या उपासानं काही होत नाही. सकाळी कातर लागेपर्यंत बारा-चौदा तास जातात, तेवढे जाऊ द्या.

गेल्या वर्षी आम्ही एका बागायतदाराच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. माणूस भला. रात्री आठला ट्रॉली भरून उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आणून टाकलं, ‘खाऊ द्या बिचाऱ्यांना’ म्हणाला. टेंभूचं पाणी यायच्या आधी आमच्या आटपाडीकडं असं हिरवं वाटायला कुणाजवळ नव्हतंच, त्यामुळं ही पंचाईत आमच्या आज्याला कधी पडली नसावी. मी समोर उभा होतो. थांबवलं नाही, उलट बरं वाटलं, वैरणीचे पैसे वाचले म्हणून.

सकाळी एकेकाचं पोट ढोलासारखं तट्ट. मेंढरू कुशीवर पाडून पाय बांधले की भरलेलं पोट छातीवर दाबतं, श्वास कोंडतो, मग ते धडपडणारच. धडपडलं की कातर घसरते. लेंड्या आणि मूत ताडपत्रीवर, लोकरीवर, कातरणाऱ्याच्या मांडीवर. रिकाम्या पोटाचं मेंढरू त्या मानानं गप पडून राहतं. एका मेंढरामागं पाच मिनिटं जास्त गेली की साठांना पाच तास जातात, एवढं साधं गणित मला रात्री बॅटरीच्या उजेडात लोकर निवडताना कळालं. म्हणून पुन्हा सांगतो, वैरण बंद. ज्याच्या रानात बसलाय त्यालाही आधीच सांगा.

दिवस भरत आलेल्या गाभण मेंढ्या यातून वगळा. त्यांना उपाशीही ठेवू नका आणि पाडूही नका, व्याल्यावर बघू. त्या संध्याकाळीच वेगळ्या बांधा, म्हणजे त्यांची वैरण बाकीच्यांच्या तोंडाला लागणार नाही. (लागते. वाघरीच्या भोकातून मुंडी घालून खातात.)

धरून आणणारा गडी वेगळा हवा. कातरणारा उठून मेंढराच्या मागं पळायला लागला की दिवस गेला. धरताना लोकरीला धरून ओढायचं नाही, आत कातडं दुखावतं. हनुवटीखाली आणि जांघेशी हात घालून आणायचं. आधी पांढरी घ्या, मग काळी. काळा केस पांढऱ्या लोकरीत गेला की निवडता निवडत नाही.

कातर कातड्याला लागून एकदाच चालवा. वर राहिलं म्हणून त्याच जागी दुसऱ्यांदा फिरवलं की बारीक तुकडे पडतात आणि ते सुतात धरत नाहीत. आपलं दख्खनी मेंढरू दोन्ही कातरणी मिळून वर्षाला जेमतेम अर्धा किलो लोकर देतं, त्यात तुकडे करून काय उरणार? जत-माडग्याळकडच्या लोकांना ही कटकट नाही. माडग्याळी मेंढराला लोकर नावालाच, त्यांचं सगळं लक्ष मटणावर.

कातडं कापलंच तर हळद-तेल लगेच लावा, माशी बसली की आळ्या पडतात. हळद सांगलीत राहून विसरलात तर काय बोलायचं!

पुढचं भराभर. पोटाची आणि शेपटाकडची घाण लोकर वेगळी. पिलांची पहिली लोकर, म्हणजे जावळ, वेगळी. ती मऊ असते, घोंगडी विणणारे सनगर तिला वेगळा भाव देतात. पोती तागाची घ्या. खताच्या प्लास्टिक पोत्याचे धागे लोकरीत मिसळतात आणि पिंजताना शिव्या बसतात. कातरलेली मेंढरं दोन-चार रात्री आडोशाला ठेवा, उघड्या अंगाला थंडी बाधते. गोचिडाचं औषध जखमा भरल्यावर. मजुरी आधी ठरवा. चहा सांगून ठेवा.

आणि रानमालकाला फोन केला का? वाढं नको म्हणून?