शंखाचा आकार आणि शंखाचा नियम

बी.आर्क.च्या, म्हणजे वास्तुकलेच्या पदवीच्या, पहिल्या वर्षी बेसिक डिझाइनच्या तासाला आम्हाला एक नैसर्गिक वस्तू आणून तिचं ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्शन’, म्हणजे तपशील गाळून गाभा उरवणारं अमूर्तीकरण, करायला सांगितलं होतं. मी गुहागरच्या किनाऱ्यावर सापडलेला शंख नेला. बाह्यरेषा गिरवली, ती सोपी केली, मग आणखी सोपी केली. दहाव्या शीटवर एक सुबक वेटोळं उरलं. दुसऱ्या सत्रात छोट्या वाचनालयाचा प्रोजेक्ट आला, तेव्हा तेच वेटोळं मी प्लॅन म्हणून मांडलं. माउंट बोर्डच्या गोल भिंती कापण्यात दोन रात्री गेल्या. ज्युरीला, म्हणजे कामाच्या परीक्षणाला, आलेल्या बाईंनी मॉडेल हातात घेऊन सगळीकडून पाहिलं आणि विचारलं, “शंखातलं तू नेमकं काय घेतलंस?”

“आकार,” मी म्हटलं.

“आणि शंखाला तो कुठून आला?”

मला उत्तर देता आलं नाही. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पहिल्याच वर्षी कुणीतरी विचारायला हवा असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

उत्तर शंखाच्या तोंडाशी असतं. आतला जीव कवचाच्या कडेला थर चढवत जातो. जुनं मोडत नाही, पण वाढताना प्रमाणही सोडत नाही. वेटोळं हा त्या वाढीचा माग आहे. म्हणजे शंखाचं अमूर्तीकरण करायचं तर घेण्यासारखी गोष्ट होती ती ‘जुनं न मोडता एका टोकाने वाढणं’. वाचनालयाला याची खरोखर गरज असते, कारण पुस्तकं दरवर्षी वाढतात. एका टोकाला खोली जोडत जायची आणि वाचणारा उठू नये, असा प्लॅन अगदी सरळ रेषेतही बसला असता. वास्तुकार ल कॉर्ब्युझिएने 1939 मध्ये अमर्याद वाढणाऱ्या संग्रहालयाची कल्पना मांडली होती. त्या कल्पनेतूनच पुढे अहमदाबादचं संस्कार केंद्र हे संग्रहालय आलं. त्या मूळ आराखड्यातलं वेटोळं चक्क चौकोनी आहे! तो आराखडा मी नंतर पाहिला आणि माझ्या गोल भिंतींवर घालवलेल्या त्या दोन रात्री आठवल्या.

ही गोष्ट अंगात मुरली ती मात्र नवी मुंबईतल्या बेलापूरला. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी 1983 ते 1986 या काळात केलेली ती घरं, म्हणजे आर्टिस्ट व्हिलेज, आम्ही मोजायला गेलो होतो. फोटोंत उतरती कौलं आणि पांढऱ्या भिंती पाहिल्या होत्या, त्यामुळे गावासारखं काहीतरी दिसेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात बरीच घरं बदललेली. कुठे मजले चढलेले, कुठे टाइल्स, कुठे ग्रिल. आमच्यातला एक जण तर म्हणाला, आता इथे मोजायचं काय?

आम्ही टेप काढली. शून्याचं टोक मी एका भिंतीच्या कोपऱ्याला दाबून धरलं, दुसरं टोक मैत्रिणीने समोर नेलं. मधे टेपला झोळ पडायचा, म्हणून दोनदा ताणून घेतलं. ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या आजी आमच्याकडे बघत होत्या. मैत्रिणीने टोक एका पायरीला लावलं तशा त्या म्हणाल्या, “अगं बाळा, ती पायरी आत्ता आत्ताची हो. ती धरू नकोस, मागे जा.” ती मागे गेली. मूळ आराखड्यात हे अंगण साधारण 8 बाय 8 मीटरचं, आणि पायरी सोडल्यावर आमची टेपही जवळपास तेच सांगत होती.

रचना अशी : सात घरं एका अंगणाभोवती. असे तीन गट मिळून 21 घरं, आणि त्यांच्यामधे साधारण 12 बाय 12 मीटरची मोठी मोकळी जागा. असं करत करत वस्ती मोठी होत जाते. कुठलीही भिंत दोन घरांत सामायिक नाही, प्रत्येकाला स्वतःची थोडी मोकळी जागा. त्यामुळे शेजाऱ्याला धक्का न लावता ज्याला हवं तेव्हा घर वाढवता येतं. कोरियांनी खेड्यातून उचललं ते हे नातं : माझा ओटा, सात जणांचं अंगण, मग सगळ्यांची जागा. कौलं उतरली, मजले चढले, तरी आम्ही त्या अंगणात उभं राहून ते मोजू शकलो. शंख मला त्या दिवशी पुन्हा दिसला.

दगडाच्या भाषेत हेच, म्हणजे रूप न गिरवता गाभा घेणं, पाहायचं असेल तर परवानगी काढून पुण्यात आयुकाला जा. तीही कोरियांचीच वास्तू. भिंत खाली काळ्या बेसाल्टची, वर त्याहून काळा कडप्पा, आणि सगळ्यात वर आभाळ दिसेल असा चकचकीत काळा ग्रॅनाइट. खगोलशास्त्राच्या संस्थेवर ग्रह-तारे चितारण्याचा मोह किती सोपा होता, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

चित्रकारांशी मात्र आपली गल्लत करू नका. नागपुरात 1924 मध्ये जन्मलेले वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ म्हणवून घ्यायला तयार नसत. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कुठलीच वस्तू न दाखवणारं, हा शब्द त्यांना जवळचा होता. कॅनव्हासला ते साधतं. आपल्या कामावर पाऊस पडतो.

पावसाचं मी स्वतः भोगलं आहे. पहिल्या नोकरीत एका घराचं एलेव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या बाजूचं ड्रॉइंग, माझ्याकडे होतं. पांढरा, निखळ ठोकळा हवा होता. छज्जे काढले, पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, डोक्यावरची पुढे आलेली कडाही काढली. कागदावर एकच रेघ उरली आणि मला फार आनंद झाला. साइटवरच्या गवंडीदादांनी विचारलं, “मॅडम, पाणी कुठून उतरणार?” मी ड्रॉइंग दाखवलं. ऑफिसातही कुणी अडवलं नाही. ऑगस्टपर्यंत प्रत्येक खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांतून काळे ओघळ आले होते आणि घरमालकीणबाई मला फोनवर शांतपणे विचारत होत्या की हे असंच राहणार का. ती रेघ साधी दिसायला हवी असेल, तर पॅरापेटचा माथा गच्चीकडे उतरता हवा आणि खिडकीच्या वरच्या कडेला, तिच्या खालच्या अंगाला, बोटभर खाच हवी, म्हणजे थेंब भिंतीकडे न वळता तिथेच सुटतो. पहिल्या वर्षीच हे शिका. गवंड्याला विचारा, तो सांगतो.

सरावाचं म्हणाल तर एक सवय लावून घ्या. कॉन्सेप्ट लिहिताना नाम लिहू नका, क्रियापद लिहा. ‘कमळ’ लिहिलं की पाकळ्या येतात. ‘उघडणं-मिटणं’ लिहिलं की दारं, पडव्या, ऊन यांचा विचार सुरू होतो. दुसरं, संगणकावर कॅडमध्ये हवं तितकं झूम करता येतं, त्यामुळे 1:200 च्या, म्हणजे प्रत्यक्षाच्या दोनशे पट लहान, प्लॅनमध्येही दाराच्या मुठी काढल्या जातात आणि प्रिंटवर काळा ठिपका येतो. प्रत्येक स्केल काहीतरी सोडायला सांगतं. 1:200 ला भिंत आणि मोकळी जागा एवढंच, 1:50 ला दार कुठे उघडतं ते, आणि ती बोटभर खाच 1:10 ला. मी अजूनही बटर पेपरवर हाताने सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, काढते, कारण जाड पेन्सिल मला नको ते काढूच देत नाही.

तो शंख माझ्या टेबलावर आहे. इंटर्नशिपला येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी तो काढायला देते. बहुतेक जण बाह्यरेषेपासून सुरुवात करतात. मग मी तो त्यांच्या हातात उलटा ठेवते आणि तोंडाजवळच्या बारीक रेषा नखाने मोजायला सांगते.