आधी मिसळ, मग रेसलमेनिया ३: जुना शो सलग कसा पाहावा

हल्क होगन आंद्रे द जायंटला उचलून आपटतो, ती काही सेकंदांची क्लिप सगळ्यांच्या मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेलेली असते. ती ‘रेसलमेनिया ३’ या अमेरिकन मनोरंजन-कुस्तीच्या जुन्या शोमधली. तेवढ्यावर ‘रेसलमेनिया ३ पाहिला’ म्हणणं म्हणजे यात्रेतल्या कुस्तीच्या फडावर निकाल लागल्यानंतर पोचण्यासारखं आहे. त्या एका आपटण्याला वजन येतं ते आधीच्या दहा-अकरा मिनिटांमुळे, आणि त्या मिनिटांना वजन येतं आधीच्या अकरा लढतींमुळे. म्हणून हा शो पाहायचा तर सलग, क्रमाने आणि एका बैठकीत.

शो झाला २९ मार्च १९८७ ला, अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या पाँटियाक सिल्व्हरडोममध्ये. तो रविवार होता. आपल्याकडेही रविवारच बरा. सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडला मिसळ खाऊन दहाला बसलं की साधारण एकला उठता येतं. रात्री जेवून बसू नका, कारण मधल्या लहान लढतींत डोळा लागतो आणि नेमकी सगळ्यात सरस, नववी लढत हातची जाते.

आधी टीव्ही नीट करून घ्या. जुनं चित्रीकरण ४:३ आकाराचं आहे आणि आजचे टीव्ही १६:९ चे. टीव्ही ते चित्र आपोआप ताणतो, मग चौकोनी रिंग आयताकृती दिसते आणि आंद्रे आहे त्याहून रुंद. सेटिंगमध्ये चित्राचा आकार ४:३ किंवा ‘ओरिजिनल’ ठेवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणजे जमलं. ‘झूम’ करून पट्ट्या घालवू नका, कारण त्यात वरखालचा भाग कापला जातो आणि टॉप रोपवर, म्हणजे रिंगच्या सगळ्यात वरच्या दोरावर, चढलेल्या पैलवानाचं डोकंच दिसत नाही. ४३ इंची टीव्हीवर ४:३ चित्र प्रत्यक्षात साधारण ३५ इंचांचंच उरतं, त्यामुळे खुर्च्या सहा-सात फुटांवर घ्या. हालचाल गुळगुळीत करणारी सोय, म्हणजे मोशन स्मूदनिंग, बंद करा. ती चालू असली की वेगाने फिरणाऱ्या हातापायांभोवती पुसट कडा दिसतात.

आवाज त्याहून महत्त्वाचा. ‘स्पष्ट संवाद’ किंवा तत्सम मोड लावला तर समालोचन पुढे येतं आणि गर्दी मागे जाते, तेव्हा साधा ‘स्टँडर्ड’ मोड ठेवा. फडावर हलगी जे काम करते ते इथे गर्दी करते. पट कुणाचा बसला, डाव कुणाचा फसला, हे हलगीच्या लयीवरून पाठमोऱ्या माणसालाही कळतं, तसंच या शोमध्ये डोळे मिटले तरी कुठे चाललंय ते समजायला हवं. प्रेक्षकांचा जाहीर झालेला आकडा ९३,१७३ होता. त्यावर आजही वाद आहे, पण छप्पर फाडणारा आवाज खरा आहे.

शो अधिकृत ठिकाणीच पाहा. तुकड्यातुकड्यांनी चढवलेल्या प्रतींत संगीत कापलेलं असतं आणि लढतींचा क्रमही बदललेला असतो. साध्या दर्जाच्या स्ट्रीमिंगला तासाला साधारण १ जीबी डेटा धरा, म्हणजे पूर्ण शोला ३ जीबी. मोबाइलचं रोजचं दीड-दोन जीबीचं पॅक हॉटस्पॉटवर लावलं तर ते मुख्य लढतीच्या बरंच आधी संपेल. घरात इन्व्हर्टर असेल तर टीव्हीबरोबर राउटरही त्यावर आहे ना, हे आदल्या दिवशी पाहा. बहुतेक घरांत राउटर सुटलेला असतो.

सोबत कुस्ती जाणणारे आजोबा किंवा एखादे वस्ताद असतील तर सुरू करण्याआधी दोन गोष्टी सांगा, नाहीतर तीन तास ‘हे खोटं आहे’ यातच जातील. पहिली गोष्ट निकालाची. इथे तो आधी ठरलेला असतो, पण ही नुरा कुस्ती नव्हे. नुरा कुस्तीत खरी लढत म्हणून प्रेक्षकाला फसवतात. इथे कथा सांगायची असते, आणि पडणं, आदळणं, अंगाला लागणं खरंच असतं. दुसरी गोष्ट चितपटीची. आपल्याकडे दोन्ही खांदे मातीला लागले की कुस्ती संपली. इथे खांदे टेकलेले ठेवून पंचाने तीन मोजावे लागतात. सगळी गंमत दोन आणि तीन यांच्यामधल्या अर्ध्या सेकंदात आहे. हे एकदा कळलं की मातीतली कुस्ती पाहिलेला माणूस या खेळाचा सगळ्यात चांगला प्रेक्षक होतो, कारण अंग कुठे सैल पडलं आणि तोल कुठे गेला हे त्याला आधी दिसतं.

पूर्वतयारी पंधरा-वीस मिनिटांची. दोनच प्रसंग पाहा. १९८६ च्या अखेरीस रँडी सॅव्हेजने रिंगची घंटा वापरून रिकी स्टीमबोटचा गळा जायबंदी केला, तो एक. आणि १९८७ च्या सुरुवातीला ‘पायपर्स पिट’ या गप्पांच्या कार्यक्रमात मॅनेजर बॉबी हीननला घेऊन आलेल्या आंद्रेने जुना मित्र होगनचा शर्ट आणि गळ्यातला क्रॉस फाडला, तो दुसरा. बाकीच्या लढतींचं वैर समालोचक सांगतातच. गोरिला मॉन्सून चांगल्यांची बाजू घेतो, जेसी व्हेंच्युरा खलनायकांची. व्हेंच्युराचं बोलणं लक्ष देऊन ऐका, त्याचा मुद्दा पुष्कळदा बरोबर असतो.

लढती एकूण १२. पुढे ढकलू नका, पण सगळ्यांना सारखंच लक्ष द्यायचीही गरज नाही. बुच रीड आणि कोको बी. वेअर यांची छोटी लढत चालू असताना चहा टाकायला हरकत नाही. किंग काँग बंडीच्या लढतीत बुटक्या पैलवानांना ज्या तऱ्हेने वापरलं आहे ते आज पाहवत नाही. तो भाग मुलांना दाखवायचा की नाही ते आधी ठरवा. रॉडी पायपर आणि एड्रियन अडोनिस यांच्या लढतीत हरणाऱ्याचं डोकं भादरायचं असतं. तिथे गर्दी पहिल्यांदा पूर्ण पेटते, तेव्हा गप्पा थांबवा.

नववी लढत सॅव्हेज विरुद्ध स्टीमबोट, साधारण साडेचौदा मिनिटांची. या शोचं खरं सोनं इथे आहे. ती दोनदा पाहा. पहिल्यांदा नुसती पाहा. दुसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि पंचाने दोनपर्यंत मोजून हात थांबवला की प्रत्येक वेळी एक रेघ ओढा. शेवटच्या काही मिनिटांत रेघा कशा दाटतात ते कागदावरच दिसतं. सॅव्हेजने ही लढत आधी बारकाईने लिहून, पाठ करून घेतली होती. म्हणूनच एकही हालचाल वाया गेलेली नाही. गळ्यावरही लक्ष ठेवा. सुरुवातीलाच स्टीमबोट दोन्ही हातांनी सॅव्हेजचा गळा धरून त्याला उचलतो. जिथे दुखवलं गेलं तिथेच परतफेड, एका शब्दाशिवाय.

शेवट नीट बघा. पंच खाली पडलेला असताना सॅव्हेज टॉप रोपवरून कोपर मारतो, पण मोजायला कुणी नाही. मग तो पुन्हा तीच घंटा उचलून वर चढतो. स्टीमबोटच्या बाजूने कोपऱ्यात उभा असलेला जॉर्ज स्टील त्याला वरून ढकलतो. सॅव्हेज उठून स्टीमबोटला उचलायला जातो आणि स्टीमबोट त्याला मोळी बांधल्यासारखा गुंडाळून खांदे टेकवतो. इतक्या उड्यांनंतर साध्या मोळीने निकाल लागतो. हे पटलं नाही तर दोन मिनिटं मागे जाऊन पुन्हा पाहा. सॅव्हेज घाईत आहे आणि त्याचा तोल पुढे गेला आहे, हे स्पष्ट दिसतं.

यानंतर लगेच मुख्य लढत लावण्याचा मोह होतो, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. मधल्या दोन लढती श्वास घ्यायला ठेवल्या आहेत. त्या काढल्या तर होगन-आंद्रे फार संथ वाटते. ती संथ आहेच, पण त्याला कारण आहे. आंद्रेच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली होती आणि कपड्यांखाली आधाराचा पट्टा होता. तो दोरांना कसा धरतो, कमी पावलं कशी टाकतो आणि होगन त्याच्याभोवती जास्तीचं फिरून लढत कशी पेलतो, हे पाहा. सुरुवातीची नजरानजर ही खडाखडीच, म्हणजे एकमेकांचा अंदाज घेणंच, समजा. लगेच होगन उचलायला जातो, कंबर साथ देत नाही आणि आंद्रे त्याच्यावर कोसळतो. पंचाचे दोन होतात आणि तिसरा हुकतो. इथेच थांबवून सोबतच्यांना विचारा, तीन झाले होते का? हा वाद पुढच्या कथेत मुद्दाम वापरला गेला.

मग मिठीचा लांबलचक डाव येतो. कंटाळा आला तरी पुढे ढकलू नका. होगनचा हात सैल पडतो तेव्हा गर्दीचा आवाज खाली जातो आणि मग हळूहळू चढतो. त्याच चढावर शेवटचं उचलणं उभं आहे. आंद्रेचं जाहीर वजन ५२० पौंड, म्हणजे सुमारे २३६ किलो. त्याला आजवर कुणी आपटलं नव्हतं ही जाहिरात होती. खुद्द होगननेच १९८० मध्ये त्याला उचलून आपटलं होतं. हे माहीत असूनही अंगावर काटा येतो.

मुलं सोबत असतील तर लढत संपताच गादीवर प्रयोग सुरू होतात. डोकं खाली धरून आपटण्याचा डाव आणि मानेवर पडणारा पाय, हे दोन्ही करायचे नाहीत असं शो सुरू होण्याआधीच ठणकावून सांगा. मान एकदाच मोडते.

आणि तीन मोजून झाले की लगेच टीव्ही बंद करू नका. पैलवानांना रिंगपर्यंत नेण्यासाठी छोट्या रिंगसारख्या चालत्या गाड्या होत्या, कारण दारापासून रिंग फार लांब होती. हरलेला आंद्रे हीननसोबत त्याच गाडीवर परत जातो. त्या वेळी होगनकडे पाहू नका, आंद्रेच्या चेहऱ्याकडे पाहा.